मी गप्प बसले तो रविवार

आमच्या शाळेत मतं मोजत नाहीत. हात वर करा, डोकी मोजा, ज्यांची जास्त त्यांचं खरं, हा प्रकार आम्हा क्वेकर पंथाच्या मंडळींना कधी मानवलाच नाही. आम्ही सगळे एका खोलीत बसतो, चिटणीस प्रश्न मांडतो आणि मग सगळे गप्प. ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल त्याने उभं राहून सांगायचं आणि खाली बसायचं. एकाही माणसाने उठून 'मला यात सामील होता येत नाही' असं म्हटलं की गाडी तिथेच थांबते, मग बाकीचे कितीही उतावीळ असोत. कुणीच उठलं नाही तर चिटणीस ठराव वाचून दाखवतो आणि सगळे म्हणतात, 'मान्य.' बाहेरच्यांना हे खूळ वाटतं. फिलाडेल्फियाच्या अलीकडच्या त्या मोठ्या शाळेतून आलेला टायवाला माणूस पहिल्या सभेत सारखा घड्याळ बघत होता. आम्हा सगळ्यांना डुलकी लागली असंच त्याला वाटलं असणार.

त्याचा प्रस्ताव साधा होता. आमची शाळा त्यांच्या शाळेत मिसळायची. आमची मुलं त्यांच्या नव्या इमारतीच्या एका मजल्यावर बसणार, आमचे शिक्षक त्यांचे होणार, आणि आमचं नाव त्या मजल्याच्या दारावर पाटी होऊन लटकणार. आमचा पट घटत चालला होता, छपरं गळत होती, आणि मुख्याध्यापक डग्लस इतका थकला होता की दुपारच्या डब्यासमोर बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटायचे. त्याने हा प्रस्ताव आणला म्हणून मी त्याला दोष देत नाही. पण मला तो नको होता. अगदी मनापासून नको होता.

मी फीबी पेनॉक. ही शाळा मी काढली. खरं तर आमच्यात असं म्हणायचं नसतं, 'शाळा निघाली' असं म्हणायचं असतं, जणू काही ती पावसानंतर आपोआप उगवली. पण ऐंशी पार केल्यावर खोटी नम्रता कशाला? मी काढली.

माझा मुलगा जोएल सात वर्षांचा होता. त्याला अक्षरं उमगत नव्हती. गावच्या शाळेत त्याला शेवटच्या बाकावर, भिंतीतल्या शेगडीजवळ बसवून ठेवलं होतं, हातात चित्रांचं पुस्तक देऊन. त्याची शिक्षिका मला म्हणाली, "मंद आहे, पण स्वभावाने फार गोड आहे हो." तिला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवसापासून जोएल घरी. आठवड्याभरात शेजारच्या पासमोरांनी त्यांचा गिल आमच्याकडे आणून सोडला, कारण गिलची रडकथा जोएलसारखीच होती. मग आणखी एक आलं, मग आणखी दोन.

माझा नवरा वॉरन अळिंबी पिकवायचा. इथे सगळेच पिकवतात, आमचा सगळा मुलूख अळिंबीवरच जगतो. अळिंबीची घरं म्हणजे लांबट, ठेंगणी, बिनखिडक्यांची, कारण तिला उजेड लागत नाही. वॉरनचं एक घर रोग पडून रिकामं झालं होतं. त्याने करवत घेतली आणि भिंतीत खिडक्या कापल्या. तो आमचा पहिला वर्ग. पुढे कितीतरी वर्षं त्या भिंतींना खताचा वास होता आणि मुलं तो वास अंगावर घेऊन घरी जायची. एकाही आईने तक्रार केली नाही, कारण त्यांचीही घरं तशीच घमघमायची.

मला शिकवण्याची कुठलीही थोर पद्धत ठाऊक नव्हती. मला एवढंच दिसत होतं की एकाला कानाने कळतं, एकाला हाताने, एकाला पायाने, आणि गावची शाळा सगळ्यांना एकाच दारातून आत ढकलते. आमच्याकडे एक मुलगी टेबलाखाली पालथं पडल्याशिवाय वाचायचीच नाही. शेवटी आम्ही सगळेच टेबलाखाली गेलो. नेमका त्याच दिवशी सरकारी तपासनीस आला. वर्ग रिकामा! त्याने वाकून बघितलं आणि विचारलं, "इथे जबाबदार कोण आहे?" मी टेबलाखालून हात हलवला. "मी. या ना, जागा आहे." तो आला नाही. पण त्या मुलीने त्याला तिथूनच पानभर वाचून दाखवलं, आणि आम्हाला परवानगी मिळाली.

गिलला पाढे चालल्याशिवाय येत नसत. बसवलं की सातापुढे सगळा अंधार. मग मी त्याला बाहेर काढलं. दोन अळिंबीघरांच्या मधल्या बोळातून तो पाढे म्हणत येरझारा घालायचा, बर्फातसुद्धा. तिथे त्याच्या पावलांची वाट पडली. आज गिल साठीचा आहे, आमच्या सभेचा चिटणीस आहे, आणि अजूनही अवघड ठराव असला की आधी शाळेला दोन-तीन फेऱ्या मारून येतो.

शाळा वाढली. रिकाम्या अळिंबीघरांना एकामागून एक खिडक्या फुटत गेल्या. मुलं आली, शिकली, गेली, त्यांची मुलं आली. आमच्यात बाई, सर, साहेब असलं काही नसतं. चार वर्षांचं पोरही मला 'फीबी' म्हणतं आणि खुशाल अगं-तुगं करतं. मला ते आवडतं. पण नावाने हाक मारली म्हणजे धाक गेला असं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

वॉरनला ते आधीच कळलं होतं. तो म्हणायचा, "फीबी, तू उठलीस की सभा संपते. सगळे 'मान्य' म्हणायला आधीच तोंड उघडून बसलेले असतात."

"कारण मी बरोबर बोलते," मी म्हणायचे.

"ते आहेच. पण एकदा गप्प बसून बघ. शाळा कुणाची आहे ते तरी कळेल."

आठ वर्षांपूर्वी वॉरन गेला. माझं घर शाळेच्या समोरच, मध्ये फक्त गल्ली. दिवसभर मुलांचा गलका ऐकू येतो आणि तीननंतर एकदम सगळं बंद होतं. त्या वेळेची मला भीती वाटते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पातेलंभर कोंबडीचा रस्सा केला तर तो मला चार दिवस पुरतो आणि चौथ्या दिवशी त्याच्याकडे बघवत नाही. जोएल तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, ऑरेगनला असतो. फर्निचर करतो. दर रविवारी फोन करतो. मला टोकणारं माणूस घरात उरलं नाही, आणि बाहेर तर ते कधी नव्हतंच.

म्हणून हा प्रस्ताव आला तेव्हा मी ठरवलं, या वेळी तोंडाला कुलूप. मी उठले असते तर प्रस्ताव जागच्या जागी पडला असता, यात मला तिळमात्र शंका नव्हती. पण मग काय? मी आणखी किती वर्षं जगणार? मला एकदा बघायचं होतं की ही शाळा माझ्याशिवाय कुणाला हवी आहे का. एक माणूस. फक्त एका माणसाने उभं राहावं, एवढंच मी मागत होते. कुणीच उठलं नाही तर समजायचं, पन्नास वर्षं मी एकटीच एक नाटक वठवत होते आणि बाकीचे सौजन्याने टाळ्या वाजवत होते.

पहिल्या महिन्यात प्रस्ताव नुसता मांडला गेला. मी मूग गिळून बसले. दुसऱ्या महिन्यात निर्णयाची सभा.

शाळेच्या आवारातल्या आमच्या प्रार्थनाघरात समोरासमोर बाक आहेत. म्हाताऱ्यांचा बाक एकीकडे, आणि बाकी सगळे त्याच्याकडे तोंड करून. त्या बाकावर आता मी एकटीच उरले आहे. शिक्षक, पालक, जुने विद्यार्थी, सगळे माझ्यासमोर होते. गिल मधल्या छोट्या टेबलाशी. त्याच्या बुटांना चिखल होता, म्हणजे फेऱ्या मारून आला होता. त्याने प्रस्ताव वाचला आणि मौन सुरू झालं.

मी एकेक चेहरा बघत होते. हॅरल्ड मेंडेनहॉल, ज्याचा मुलगा आमच्याकडे शिकला आणि आता दोन नातवंडं शिकतात. हा उठेल. त्याने घसा खाकरला, मी जागच्या जागी सावरून बसले, आणि त्याने खिशातून खोकल्याची गोळी काढून तोंडात टाकली. टेबलाखाली वाचणारी ती मुलगी, आता स्वतः आजी झालेली. ती हातमोज्यांची बोटं ओढत होती. मागच्या भिंतीशी मारिसोल अगिलार. तिचे वडील आयुष्यभर शेजारच्या मळ्यावर अळिंबी खुडत होते. ती आमच्या सगळ्यात लहान मुलांना शिकवते. तिचा आवाज इतका मऊ की तिसऱ्या बाकाच्या पुढे पोचत नाही. मी तिला एकदा म्हणाले होते, "अगं, जरा शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं बोल." ती हसली आणि आणखी हळू बोलायला लागली. तिच्याकडून माझी काहीच अपेक्षा नव्हती.

बाहेर खताचा ट्रक गेला. कुणाचं तरी पोट गुरगुरलं. मौन संपेना. उठा रे, मी मनात म्हणत होते. एक जण तरी उठा. अरे, तुमचीच ना शाळा?

कुणी उठलं नाही.

गिलने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला असं दिसतं," तो म्हणाला, "की सभेचं मन या प्रस्तावाच्या बाजूने आहे. तसं आहे का?"

आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी, एकाच वेळी. मला वाटलं, बघतायत, म्हातारी आता तमाशा करते का. माझी मान ताठ झाली. रडगाणं गाणाऱ्यांतली मी नाही.

"मान्य," मी म्हणाले. खणखणीत.

मग चारी बाजूंनी हळूहळू 'मान्य, मान्य' आलं. ठराव झाला.

सभेनंतर आमच्यात सगळे आपापल्या घरून काहीतरी करून आणतात आणि एकत्र जेवतात. इथे काहीतरी म्हणजे अळिंबीच. अळिंबीचं सूप, अळिंबी भरलेल्या पोळ्या, अळिंबी घातलेल्या शेंगा, आणि ज्याला वेगळं काही सुचतं तो सफरचंदाचा केक आणतो. मी ताट घेऊन उभी होते आणि एकेक जण येऊन माझा हात हातात घेत होता.

"फीबी, किती मोठं मन तुझं," हॅरल्ड म्हणाला.

"आता तरी आराम कर," आणखी कुणीतरी.

मला कळेना, हे माझं सांत्वन चाललंय की अभिनंदन. ताट तसंच ठेवून मी मागच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे गिल बाह्या सरसावून भांडी घासत होता. त्याचे डोळे लाल होते.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"माझ्या मनासारखं?"

"अगं, गेल्या सभेत तू चकार शब्द काढला नाहीस. तू! तेव्हाच सगळे म्हणाले, हिला हे हवंय, पण हिच्याच्याने म्हणवत नाहीये. थकलीये, हिला सुटका हवीये. आपण हिला अडवायला नको."

"मला हवंय असं कोण म्हणालं?"

"तू म्हणालीस. आत्ता. सगळ्यात आधी तूच 'मान्य' म्हणालीस."

"तुम्ही कुणी उठला नाहीत म्हणून!"

"आम्ही तुझ्याकडे बघत होतो!"

"आणि मी तुमच्याकडे!"

गिलने हातातली ताटली पाण्यात सोडली. नळ बंद केला. मग तो म्हणाला, "हॅरल्ड उठणार होता."

"त्याने खोकल्याची गोळी खाल्ली."

"बोलायच्या आधी घसा साफ करत होता बिचारा. मग तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बसूनच राहिला."

"आणि तू? तुझं तोंड कुणी शिवलं होतं?"

"मी चिटणीस आहे, फीबी. चिटणिसाला स्वतःचं मत नसतं. हे तूच मला शिकवलंस."

ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. "तुला नकोय ना ते?"

"मला कसं हवं असेल?" तो म्हणाला. "त्या बोळात मी पाढे शिकलो. बाकी सगळीकडे मी ढ होतो."

मग तो माझ्याजवळ आला. ओल्या हातांनीच त्याने माझे खांदे धरले. "ऐक. सगळे अजून बाहेरच आहेत. तू फक्त दारात येऊन उभी राहा आणि म्हण, मला नको. एक वाक्य. ठराव लगेच मागे घेऊ."

माझ्या जिभेवर होतं ते वाक्य. खोटं कशाला बोलू, अर्धं तोंडही उघडलं होतं. दाराच्या काचेतून सगळे दिसत होते. ताटं घेऊन उभे, पोटात एक आणि ओठांवर एक, सगळे माझ्यासाठी.

"मी तसं म्हणाले तर ते काय म्हणतील?" मी विचारलं.

"मान्य म्हणतील."

"हं. तेच तर."

त्याला समजलं नाही. मला तरी कुठे नीट सांगता येत होतं? मी म्हणाले, "गिल, मी आज वाचवली तर ती माझीच राहिली. मी मेले की दुसऱ्या दिवशी तो टायवाला परत येईल आणि तुम्ही सगळे माझ्या रिकाम्या बाकाकडे बघत बसाल."

"करारावर सही पुढच्या सभेनंतर आहे," तो म्हणाला. "तोवर ठराव उघडता येतो. पण कुणीतरी उभं राहायला हवं."

"मग राहू दे कुणालातरी. मी सांगणार नाही. आणि मला काय हवंय ते तूही कुणाला सांगायचं नाही. घे शपथ."

"क्वेकर शपथ घेत नाहीत."

"मग नुसतं हो म्हण, शहाण्या!"

तो हो म्हणाला.

तो महिना मला फार जड गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. गल्लीत कुणी भेटलं की हात हलवून मी दुसरीकडे वळायचे, कारण कुणी 'बरी आहेस ना' असं नुसतं विचारलं असतं तरी माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं असतं. तीन वाजता शाळा सुटायची. मी खिडकीशी बसायचे आणि मोजक्या मुलांना मोटारींत चढताना बघायचे. मग संध्याकाळ. मग सूपचा अर्धा डबा. वॉरनच्या खुर्चीवर मी धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवत असे, म्हणजे ती रिकामी दिसत नाही.

जोएलला मी फोनवर सगळं सांगितलं. वाटलं होतं तो हसेल. तो म्हणाला, "म्हणजे शाळेचं कुणाला काय हवंय हे कुणी कुणाला विचारलंच नाही."

"आमच्यात तसं विचारत नाहीत. वाट बघतात."

"आई, शाळा काढलीस तेव्हा मला तरी कुठे विचारलं होतंस?"

"तू सात वर्षांचा होतास! तुला शेगडीजवळ बसवून ठेवलं होतं!"

"मला ती शेगडी आवडायची," जोएल म्हणाला. "तिथे माझा एक मित्र होता, त्याच बाकावर. मग एकदम आपल्या घरी शाळा, आणि तू सगळ्यांची. मी तक्रार नाही करत. वाचायला तिथेच शिकलो. पण तू विचारलंस म्हणून सांगतो."

मी काही विचारलं नव्हतं. मी फोन ठेवला. त्या मित्राचं नाव मला ठाऊक नव्हतं, आणि पुन्हा फोन करून विचारायची हिंमत झाली नाही.

सभेच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, जायचं नाही. शाळा निघाल्यापासून मी एकही सभा चुकवली नव्हती. तापात गेले होते, वॉरनला पुरल्यानंतरच्या रविवारीही गेले होते. पण मी समोर बसले की ते माझं तोंड वाचत बसणार, हे आता मला कळून चुकलं होतं. माझा चेहराच मध्ये येत होता. सर्दी झाली म्हणून कळवता आलं असतं, पण खोटं बोलायचं नव्हतं. 'मी येत नाही,' एवढाच निरोप धाडला.

रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसले. गिल कोटाच्या खिशात हात घालून शाळेला फेऱ्या मारताना दिसला. एक, दोन, तीन, मग मी मोजणं सोडलं. मोटारी आल्या. दार बंद झालं. आणि मग काहीच नाही. मी इतकी वर्षं त्या मौनाच्या आत बसले होते, बाहेरून ते कसं असतं ते मला माहीत नव्हतं. भिंती तेवढ्या दिसतात. आत कोण रडतंय, कोण डुलक्या घेतंय, काही कळत नाही. नेहमीची वेळ टळली. उजेड उतरायला लागला. एकाही मोटारीचा दिवा लागेना. आणि घरात कुणी नव्हतं ज्याला म्हणावं, 'काय चाललं असेल रे तिकडे?'

शेवटी दार उघडलं. माणसं बाहेर पडली, पण लगेच मोटारींत बसली नाहीत. घोळक्याने उभी राहून बोलत होती, हातवारे करत होती. कुणीतरी मोठ्याने हसलं. माझ्या खिडकीकडे कुणी बघितलं नाही.

मग गिल गल्ली ओलांडून आला. टोपी हातात.

"मोडला," तो दारातूनच म्हणाला. "ठराव मोडला. शाळा राहते आहे."

मी टेबलाला धरून उभी राहिले. "कोण उठलं?"

"मारिसोल."

"कोण?"

"मारिसोल अगिलार. मी प्रश्न उघडायच्या आतच उठली. नंतर हॅरल्ड, नंतर इतके जण की मला थांबा, थांबा म्हणावं लागलं. डग्लससुद्धा उठला. म्हणाला, मी थकलो होतो, पण मला हे नको होतं. छपराचं काम पालकांनी वाटून घेतलं. असली सभा मी बघितलीच नाही, फीबी. लोक एकमेकांशी भांडले!"

त्याचा चेहरा पोरासारखा उजळला होता. मला इतका आनंद झाला की मी त्याचा कोट धरून त्याला हलवलं. "आणि ती? मारिसोल काय म्हणाली?"

गिलने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "चांगलं बोलली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं."

"काय म्हणाली ते विचारतेय मी."

"म्हणाली, ही शाळा फीबीची नाही. आमची आहे. आणि आज ती इथे नाहीये, म्हणून मला हे बोलता येतंय."

मी खाली बसले. बरोबर होतं. शब्द न् शब्द बरोबर होता. याच वाक्यासाठी मी दोन महिने जीभ चावून बसले होते. ते इतक्या जोरात लागेल याची कल्पना मला नव्हती.

"मग सगळे गप्प झाले," गिल म्हणाला. "मला वाटलं, कुणीतरी तिला उत्तर देईल. पण सगळ्यांना एकदम मोकळं वाटल्यासारखं झालं. माझ्यासकट. आणि मग एकेक उठायला लागला."

"म्हणजे मी यापुढे यायचं नाही."

"असं कुणी म्हणालं नाही."

"ते मला माहीत आहे. तुला विचारतेय. मी न आलेली बरी, असंच ना?"

गिलने मान खाली घातली. मी त्याच्याकडे बघत राहिले, तो फरशीकडे. साठ वर्षांचा बाप्या, नातवंडांचा आजोबा, माझ्या स्वयंपाकघरात सातच्या पाढ्यावर अडलेल्या पोरासारखा उभा होता, आणि त्याला यातून चालत बाहेर काढण्याची युक्ती या वेळी माझ्याजवळ नव्हती.

"जा," मी म्हणाले. "बायको वाट बघत असेल. आणि मारिसोलला सांग, ती उत्तम बोलली."

"तूच सांग ना तिला उद्या."

"नको. मी सांगितलं की तिला वाटेल, पास झाले. तू सांग."

तो गेला. गल्लीत अजून माणसं होती, त्यांच्यात जाऊन मिसळला. हळूहळू सगळ्या मोटारी गेल्या.

संध्याकाळी जोएलचा फोन आला. मी म्हणाले, शाळा वाचली. तो तिकडे ओरडलाच, "अरे वा!" मग मी त्याला बाकीचंही सांगितलं.

"आई," तो म्हणाला, "मग आता तू रविवारी काय करणार?"

"माहीत नाही रे," मी म्हणाले. आणि मग विचारलं, "जोएल, त्या बाकावर तुझ्याबरोबर बसायचा त्या मुलाचं नाव काय होतं?"